मंगळवार, तीन ते चार

२ सप्टेंबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. आईकडे निरोप ठेवला तर ती म्हणते, तुमच्या दोघींच्या मधे मला पोस्टमन करू नका. म्हणून खऱ्या पोस्टमनला कामाला लावलंय. न वाचता फाडायचं असलं तरी पत्राला हात तर लावावा लागेल तुला.

आईच्या तोंडून निसटलं ते खरं आहे. मी मॅडमच्या खोलीत जाते. दर मंगळवारी, तीन ते चार. गेल्या फेब्रुवारीपासून.

माझी बॅग भरताना तू एकच शब्द घेतला होतास. कॉलेज तेच, विभाग तोच, ते मी बदलू शकत नाही, पण त्या बाईच्या दारात उभी राहू नकोस. मी हो म्हटलं आणि सहा महिन्यांत शब्द मोडला. माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये. का मोडला ते सांगायला लिहितेय, आणि पुढेही मोडणार आहे हे सांगायला.

पहिल्या वर्षी बांधकाम साहित्याच्या चाचणीत मला तीसपैकी सात मिळाले. सात, ताई. बारावीला आपल्या गल्लीत पेढे वाटलेली मी. पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईत एकच शब्द होता: 'भेट.' वर्गात बावीस जणांच्या पेपरवर तो होता. बावीसही जणांनी पेपर घडी घालून दप्तरात कोंबला. लाल शाईच्या खोलीत स्वतःच्या पायांनी कोण जाईल? मुलं त्यांना अजूनही 'लाल शाई'च म्हणतात, तुझ्या वेळेसारखं.

मीही घडी घातली होती. मग वसतिगृहाच्या जिन्यात बसले आणि विचार केला, की ताई ज्या दारातून बाहेर पडली त्या दारात मी गेले नाही, तर मी सातवरच राहणार. आणि सातवर राहिले तर मला घरी यावं लागणार, तुझ्या दुकानात काजं करायला. मला काजं नीट येत नाहीत हे तुला माहीत आहे.

दार अर्धं उघडं होतं. आत पेपरांचे गठ्ठे, खिडकीत विटांचे तुकडे ओळीने मांडलेले, आणि मॅडम बिस्किट चहात बुडवत होत्या. मी म्हटलं, मला काहीच कळलेलं नाही. त्या म्हणाल्या, "'काहीच नाही' हे खोटं असतं. कुठपर्यंत कळलं ते सांग, तिथून पुढे जाऊ."

असं मला शाळेत, क्लासमध्ये, कुठेच कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी शिकवलं काही नाही. पेन माझ्या हातात दिलं आणि तासभर प्रश्न विचारले. बाहेर पडले तेव्हा माझी पाठ घामाने ओली होती आणि एक गणित सुटलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गेले.

आता फाड.

धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. आई म्हणाली, पाकीट तू शिलाई मशीनच्या खणात टाकलंस. फाडलं नाहीस, एवढं मी माझ्या सोयीने घेतेय.

वर्गात माझं नाव 'चमची' पडलंय. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी कंपासपेटीवर पट्टीने चमचा वाजवल्यासारखं वाजवतं. पहिले चार दिवस कानशिलं तापायची. मग एकदा मीच मेसमधून खरा चमचा आणून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, पट्टीने आवाज नीट येत नाही, हा घे. तेव्हापासून वाजवणं कमी झालंय. नाव राहिलंय. राहू दे.

पण तू तरी मला चमची म्हणू नकोस. आईकडे म्हणालीस ना, "जाऊ दे तिला, पाय चेपायला"? ते मला लागलं. तुला सांगते मी तिथे काय करते. मी त्यांच्या पिशव्या उचलत नाही, त्यांची साडी छान आहे म्हणत नाही, वाढदिवसाला फुलं नेत नाही. (फुलं नेणारे आहेत. त्यांना काय मिळतं माहीत आहे? "पाण्यात ठेव" एवढं उत्तर.) मी प्रश्न घेऊन जाते. प्रश्न कच्चा असला तर त्या परत पाठवतात. एकदा तीन मंगळवार एकच प्रश्न परत पाठवला.

माझ्या वर्गात ज्यांचे वडील इंजिनियर, मामा प्राध्यापक, त्यांना हे जन्मापासून येतं. ती मुलं सरांशी कॉरिडॉरमध्ये उभी राहून गप्पा मारतात, कामाचं विचारून घेतात, ओळखीने प्रशिक्षणाला जातात. आणि आपल्याला काय शिकवलं? मोठ्यांसमोर मान खाली, बोलायचं नाही, मग पाठ फिरली की त्यांना नावं ठेवायची. मला ते नको आहे. मान वर करून समोरासमोर बोलायचं मी इथे शिकतेय. तेही कुणाकडून, तर तुझ्याच शत्रूकडून. त्याला माझा इलाज नाही.

आता मी लॅबमध्येही जाते. मॅडमनी त्यांच्या कामात हाताखाली घेतलंय. विटा भिजवायच्या, वजन करायचं, दाबाच्या मशीनखाली फोडायच्या, आकडा लिहायचा. लॅब सांभाळणारे मामा तेच आहेत. तुझ्या वेळचे. केस पांढरे झालेत, कमरेला अजून तोच किल्ल्यांचा जुडगा. जानेवारीअखेर निवृत्त होतील.

तुझं नाव कधी निघालं का, असं तुझ्या मनात येईल. निघालं नाही.

धाकटी


२४ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तुझं नाव निघालं होतं.

मार्चमध्येच. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मॅडमनी माझं आडनाव पुन्हा वाचलं आणि विचारलं, "तुझी कुणी बहीण होती का या विभागात?" मी म्हटलं, नाही. थांबलेसुद्धा नाही. जीभ इतकी सरळ चालली की मलाच भीती वाटली. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढचं गणित काढलं.

मला वाटलं होतं, त्या मला बाहेर काढतील. हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं आज लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. मला वाटायचं, की त्यांचंच बरोबर असेल. तू आकडे खरंच घरी बसून लिहिले असशील.

सात वर्षं आपल्या घरात याबद्दल कुणी बोललं नाही. मला एवढंच माहीत होतं, की शेवटच्या वर्षाला तुझ्या विटांच्या प्रकल्पाची वही मॅडमनी वर्गासमोर उघडली, 'हे आकडे मशीनवरचे नाहीत' म्हणाल्या, आणि तू एक शब्द न बोलता बॅग उचलून निघून आलीस. परीक्षेलाही बसली नाहीस. मी तेव्हा बारा वर्षांची होते. पण बारा वर्षांच्या मुलीलाही एवढं कळतं, की खरं असतं तर माणूस बोलतं. तू गप्प राहिलीस म्हणून मी तुला दोषी धरलं. तुझ्या हातचं जेवत होते, तू शिवलेले कपडे घालत होते, आणि मनातून तुला दोषी धरत होते.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये मामांशिवाय कुणी नसताना मी वीट मशीनखाली ठेवत होते. ठेवायच्या आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मामा म्हणाले, "असं इथे एकच पोरगी करायची. तू तिची कोण?"

मामांना मी खोटं सांगू शकले नाही.

ते स्टुलावर बसले. बराच वेळ किल्ल्या मोजल्यासारख्या चाळत राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीन वापरायचा तुझा ठरलेला वार हुकला होता, तापाने. पुढचा वार प्रकल्प द्यायच्या तारखेनंतरचा. म्हणून रविवारी त्यांनी तुला लॅब उघडून दिली, परवानगीशिवाय. बारा विटा तुम्ही दोघांनी मिळून फोडल्या. रजिस्टरमध्ये नोंद केली नाही, कारण नोंद केली तर रविवार दिसला असता. तेव्हा ते कायम झाले नव्हते, वर्षावर्षाच्या करारावर होते.

मॅडमनी वर्गात विचारलं, "रजिस्टरला नोंद नाही, मग हे आकडे आले कुठून?" मामा तेव्हा दारात उभे होते. ते म्हणाले, "तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघितलं. मी पुढे व्हायला हवं होतं. नाही झालो. घरी तीन खाणारी तोंडं होती, पोरी. मला कुणी विचारलंही नाही."

ताई, तू आम्हाला का नाही सांगितलंस? आईला तरी? मला तरी, मोठी झाल्यावर?

मी तुझ्यावर चिडलेय. स्वतःवर तर आहेच. पण तुझ्यावरही.

धाकटी


९ जानेवारी

ताई,

मी तुझ्या विटा पुन्हा पाडतेय. तुला विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

तुझी वही मामांनी जुन्या प्रकल्पांच्या कपाटातून काढून दिली. पहिल्या पानावर लाल शाई आहे. मी ते वाक्य इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. बाकीची पानं मी तीनदा वाचली. मातीत राख मिसळून विटा, राख वाढवत न्यायची, आठ टक्क्यांना वीट साध्या विटेच्या जवळपास दीडपट दाब सोसते, आणि पुढे पुन्हा उतरते. खरं सांगू, मॅडमच्या जागी मी असते तर मीही भुवया उंचावल्या असत्या. आम्हाला वर्गात शिकवतात ते उलट आहे. राखेने वीट हलकी होते आणि कच्ची होते.

मामांना मी विचारलं, मॅडमकडे जाऊन सांगाल का? ते हो म्हणाले, आजच चल म्हणाले. मीच थांबवलं. तू सात वर्षं ज्यासाठी तोंड शिवून बसलीस, ते मी त्यांच्या नोकरीचे तीन आठवडे उरले असताना उधळून लावू? एकतीस तारखेला ते सुटतील. तोवर विटा बोलायला तयार झाल्या पाहिजेत.

झालेल्या नाहीत. पहिला घाणा पार फसला. कॉलेजच्या बॉयलरची राख घेतली, तुझ्या प्रमाणाने मिसळली, लॅबच्या भट्टीत भाजली. बारापैकी सात विटा भट्टीतच तडकल्या. उरलेल्या पाच मशीनखाली बिस्किटासारख्या गेल्या. मॅडमनी पाहिल्या. माझाच काही उद्योग चाललाय असं त्यांना वाटतंय, आणि त्यांनी फक्त विचारलं, "का तडकल्या असतील?"

माझी खोलीतली मैत्रीण म्हणते, मी वेडी आहे. उन्हाळ्यात संशोधन संस्थेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण आहे, आमच्या वर्षातून एकालाच पाठवतात, त्याला मॅडमचं शिफारसपत्र लागतं, शेवटची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. मॅडम देणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. मैत्रीण म्हणाली, "आधी पत्र हातात घे. मग काय मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती बांध."

सल्ला शहाणा आहे. मला तो पाळायचा नाही. पत्र खिशात घालून मग त्यांना 'तुम्ही चुकलात' म्हणायचं, म्हणजे वर्गातली पोरं मला जे म्हणतात ते मी झालेच.

पण आधी विटा टिकायला हव्यात. तुझ्या वहीत नुसतं 'राख' लिहिलंय, ताई. कुठली, कशी, काही नाही. एवढी हुशार तू आणि हे लिहायचं राहिलं.

धाकटी


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ना मायना, ना सही, ना 'कशी आहेस'. 'बेकरीची. लाकडाची. बारीक चाळून. सावलीत सात दिवस, उन्हात नाही.' माझ्या आयुष्यात मला आलेलं सगळ्यात कंजूष पत्र. पाठ झालंय.

मी इथल्या बेकरीत गेले. बेकरीवाला म्हणाला, राख हवी? फुकट घेऊन जा, झाडून पण जा. मी झाडून दिली.

दुसरा घाणा परवा फुटला. आठ टक्क्यांची पहिली वीट मशीनखाली ठेवली आणि काटा तुझ्या आकड्याच्या दिशेने चढायला लागला, तेव्हा मी पेन खाली ठेवून काट्याकडेच बघत राहिले. तुझ्या आकड्याच्या थोडा अलीकडे थांबला. दुसरी वीट थोडी पलीकडे. तिसरी जवळपास तिथेच. मामा निवृत्त झालेत, पण त्या दिवशी ते आले होते, पाहुण्यासारखे बाकावर बसले होते. उठून तोंड धुऊन आले.

मग मी तुझी वही आणि माझी वही घेऊन गेले. मंगळवार होता, तीन वाजून पाच मिनिटं.

मॅडमनी तुझी वही ओळखली. पहिलं पान उघडलं, मिटलं, आणि माझी वही वाचायला घेतली. सगळी वाचली. मी उभीच होते.

"तू म्हणाली होतीस, बहीण नाही."

"खोटं बोलले होते."

"का?"

"तुम्ही मला दाराबाहेर काढाल म्हणून."

"आणि आता?"

"आता काढलंत तरी चालेल. तिचे आकडे खरे आहेत."

रविवारचं मी सांगितलं. मामा खाली बाकावर बसलेत, बोलवू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, रजिस्टर कोरं होतं, आजवर दगडी कोळशाच्या राखेचे जेवढे प्रयोग पाहिले त्यात वीट कच्चीच होत गेली, अशा वेळी त्यांनी काय समजायचं होतं? आवाज चढला नव्हता, पण त्या लाल पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

मी म्हटलं, "शंका घ्यायलाच हवी होती. पण मला विचारता तसं तिलाही विचारायचं होतं. या खोलीत. कुठपर्यंत कळलं, तिथून पुढे. तुम्ही तिला साठ जणांसमोर विचारलंत."

तुला वाटेल मी फार शूरपणे बोलले. नाही. पण बोलले.

त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तू जा."

मी गेले. दोन्ही वह्या टेबलावर ठेवून.

धाकटी


७ मार्च

ताई,

त्यानंतरचे दोन मंगळवार मॅडमचं दार बंद होतं. दारावरची 'तीन ते चार'ची पाटी तशीच, आणि आत दिवा नाही. तिसऱ्या मंगळवारी मी गेलेच नाही. अठ्ठावीस फेब्रुवारी आली आणि गेली. प्रशिक्षणाला दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा जातोय, ज्याच्या काकांची तिथे ओळख आहे. मैत्रीण मला काही बोलली नाही, हे तिचे उपकार. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द तिच्या ओठांवर दिसत होते.

रडले मी. एक दिवस. मग थांबले, कारण कुणी मला हे परत करायला सांगितलं तर मी पुन्हा असंच करेन, हे मला रडतानाही कळत होतं.

आणि मग काल लॅबमधून निरोप आला. गेले, तर मॅडम मशीनपाशी उभ्या, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीने आणि पाण्याने माखलेले. समोर बारा विटा.

त्या बेकरीत स्वतः गेल्या होत्या. राख स्वतः चाळली, माती स्वतः मळली, विटा स्वतः पाडल्या. सात दिवस सावलीत. दार बंद का होतं ते मला तेव्हा कळलं. माझ्या आकड्यांवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. आणि ताई, खरं सांगते, त्याचा मला राग आला नाही. कुणी माझा शब्द असाच खरा मानण्यापेक्षा बारा विटा पाडून तपासला, तर तो मला जास्त मान वाटतो.

मला त्यांनी फक्त आकडे लिहायला बसवलं. मशीन त्यांनी चालवली. एकेक वीट जात गेली, मी लिहीत गेले. आठ टक्क्यांच्या तिन्ही झाल्यावर त्यांनी मशीन बंद केली, हात धुतले, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ती बरोबर होती."

मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग?

शिफारसपत्राबद्दल त्या बोलल्या. तारीख त्यांच्या लक्षात होती, पण तपासल्याशिवाय माझ्याबद्दल एक ओळ लिहिणं त्यांना जमलं नाही, आणि आता उशीर झालाय, असं सरळ सांगितलं. गोड बोलून झाकलं नाही. मग म्हणाल्या, तुझ्या बहिणीला माझा निरोप दे.

मी नाही म्हटलं.

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं, निरोप देणार नाही. तुम्ही बोललात तिच्या तोंडावर, तर हेही तिच्या तोंडावर. साठ जणांचा तो वर्ग आता राहिला नाही, पण जिला बोललात ती आहे. दुकान सकाळी दहाला उघडतं. दुपारी एक ते दोन बंद.

पत्ता मी त्यांच्याच कागदावर लिहून दिला. तू हाकलून दिलंस तर तो तुझा हक्क. तिथे मी मधे पडणार नाही. आणि नंतर माझ्यावर खापर फोडलंस तरी मी उभीच आहे.

धाकटी


२० मार्च

ताई,

तू मला काही कळवलं नाहीस. आईला विचारलं तर ती म्हणे, "दोघी टेबलापाशी बसल्या होत्या, मी चहा ठेवून आले, त्यांनी प्यायला नाही." एवढ्यावर मी तीन दिवस काढले. शेवटी काल मंगळवारी मॅडमकडूनच ऐकलं.

मॅडम शनिवारी साडेदहाला पोचल्या. तू एका बाईचं माप घेत होतीस. मान वर करून पाहिलंस, ओळखलंस, आणि म्हणालीस, "बसा, नंबर आहे." तीन गिऱ्हाइकं झाली. सव्वा तास त्या बाकावर बसल्या, मांडीवर तुझी वही घेऊन. हे सांगताना त्यांना हसू आलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही आलं. सव्वा तास, ताई. तू पण ना.

मग त्यांनी तुझी माफी मागितली. शब्द त्यांनी मला सांगितले नाहीत आणि मी विचारले नाहीत. तू ऐकून घेतलंस, 'असू दे' म्हणाली नाहीस, 'विसरा' म्हणाली नाहीस. नुसती मान हलवलीस. बरं केलंस. राहिलेलं वर्ष पूर्ण करता येईल म्हणून त्यांनी अर्ज आणला होता. तो तू वाचलास आणि बाजूला ठेवलास. त्यांना वाटलं, संपलं. त्या उठायला लागल्या.

तेव्हा तू म्हणालीस, "एक विचारायचं होतं. आठ टक्क्यांनंतर का उतरतं?"

ताई, आणि मला बघ. वर्षभर मी त्या खोलीत जातेय. तीन घाणे विटा आम्ही पाडल्या. तुझे आकडे खरे आहेत हे सिद्ध करण्यात मी इतकी बुडाले होते, की ते तसे का आहेत हा प्रश्न मला सुचलाच नाही. तू तो सात वर्षं, लोकांच्या बाह्या बेतता बेतता, डोक्यात घेऊन बसली होतीस.

मॅडमनी खडू मागितला. तुझ्या कापायच्या टेबलावर, कुणाच्या तरी सदऱ्याच्या अस्तरावर म्हणे, त्यांनी आणि तू मिळून आकृत्या काढल्या. लाकडाच्या राखेने माती लवकर वितळते, कण एकमेकांना चिकटतात, इथपर्यंत तुमचं जमलं. पुढे त्या म्हणाल्या, फार वितळलं की आत पोकळ्या धरत असतील. तू म्हणालीस, मग हळूहळू का उतरत नाही, दहाला एकदम का कोसळतं? आणि मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही."

हे तीन शब्द त्यांनी मला कधी म्हटले नव्हते.

दुकान एक वाजता बंद व्हायचं ते दोनपर्यंत उघडं होतं. त्या निघताना तू अर्ज परत दिला नाहीस. घेतलाही नाहीस. तो अजून कात्रीखाली आहे, आईने पाहिलाय.

मॅडमना आता नऊ टक्क्यांच्या विटा हव्यात, साडेनऊच्या हव्यात, भट्टी कमी-जास्त तापवून हव्यात. मला म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून लाग. मी नाही म्हटलं. आजकाल मी त्यांना बऱ्याचदा नाही म्हणते, आणि तरी त्या दर मंगळवारी दार उघडं ठेवतात.

तुझ्या मनात काय चाललं असेल ते मला माहीत आहे. एकोणतिसाव्या वर्षी पोरासोरांच्या बाकावर बसायचं, लोक काय म्हणतील, दुकान कोण बघेल. दुकान आई बघेल, काजं मी सुट्टीत येऊन वाकडीतिकडी करून देईन. लोक जे म्हणायचं ते सात वर्षांपूर्वीच म्हणून मोकळे झालेत.

मी शब्द मोडला म्हणून माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. राग ठेव. राग घेऊनच ये, लॅबमध्ये जागा आहे. पण प्रश्न तुझा आहे, ताई. त्या विटा मी पाडणार नाही.

धाकटी